फोकाच्चाचं पाणी: पिठात कमी, वरून जास्त

विचारणा अशी आहे: व्हिडिओत बघून 500 ग्रॅम मैद्याला 425 ग्रॅम पाणी, म्हणजे 85 टक्के पाणी घालून फोकाच्चा (इटलीचा चपटा, तेलाचा पाव) केला, तर पिठाचा पार रबडा झाला. भाजल्यावर आतून गिच्च, तळ पांढराफटक, बोटांनी पाडलेले खळगे गायब आणि दुसऱ्या दिवशी सगळं वातड. घरी साधा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे, मैदा किराण्याच्या दुकानातला. गव्हाचं पीठ चालेल का, तेल कोणतं घ्यावं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणं खरंच गरजेचं आहे का, आणि रविवारी संध्याकाळी पंधरा माणसांसाठी करायचा झाला तर कसं जमवावं?

तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. पाण्याचं ते प्रमाण ज्या मैद्यासाठी आहे तो मैदाच वेगळा. त्या व्हिडिओंमधला अमेरिकी किंवा कॅनेडियन ब्रेडचा मैदा असतो, त्यात बहुतेक वेळा 13 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. आपल्याकडच्या बऱ्याच मैद्यांत ती 10-11 टक्के भरतात. पाणी धरून ठेवण्याचं आणि पिठाला ताण देण्याचं काम ही प्रथिनंच करतात. ती कमी असताना 85 टक्के पाणी ओतलं की पिठाला आकार धरता येत नाही, वायू निसटतो, आणि भट्टीत ते पाणी बाहेर पडायच्या आत वरचा थर धरतो. गिच्चपणा येतो तो तिथून. पाकिटाच्या मागे दर 100 ग्रॅमला किती प्रथिनं ते छापलेलं असतं. 11 किंवा त्याहून जास्त असेल ते पाकीट उचला. नाहीच मिळालं तर 300 ग्रॅम मैद्यात 6 ग्रॅम ग्लुटेन पावडर (गव्हातल्या प्रथिनांची पूड) कोरडीच मिसळून घ्या.

पण नुसता मैदा बदलून भागणार नाही, कारण आधी कोणता फोकाच्चा हवा ते ठरवायला हवं. चार बोटं उंच, आत मोठाली भोकं आणि वर भाज्यांची फुलबाग असलेला फोकाच्चा गेल्या काही वर्षांत फोटोंमुळे फार पसरला. ज्या गावचा हा पाव, त्या इटलीतल्या जेनोव्हात मात्र तो जेमतेम दोन सेंटीमीटर उंच असतो. आतली जाळी बारीक आणि एकसारखी, वरचा पापुद्रा पातळ आणि तेलानं चकाकणारा, आणि बोटांच्या खळग्यांत पांढरट, ओलसर, खारट डोळे. लिगुरियाच्या, म्हणजे जेनोव्हाच्या प्रांताच्या, किनाऱ्यावरचे लोक तो सकाळी बेकरीतून वजनावर घेतात, कागदात गुंडाळून चालता चालता खातात. पुष्कळ जण तो चक्क कापुचिनो कॉफीत बुडवतात, आणि खाताना तुकडा उलटा धरतात, म्हणजे मिठाची बाजू थेट जिभेला लागते. मी हा पाव तिथल्या एका बेकरीच्या पहाटपाळीत शिकले. तिथे भिजवलेलं पीठ हाताला अजिबात वाहतं लागत नाही. मैद्याच्या 60 ते 65 टक्के पाणी आणि बऱ्यापैकी तेल, एवढंच. मग तो इतका रसरशीत कसा, तर उरलेलं पाणी ते वरून घालतात.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. फोकाच्चा शेवटच्या फुगण्याला ठेवायच्या वेळी पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचं मिश्रण त्यावर ओततात. तिथे याला सालामोया म्हणतात. ते खळग्यांत साचून राहतं. भट्टीत गेल्यावर खळग्यांतलं पाणी आटेपर्यंत तिथलं तापमान 100 अंशांच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून ती जागा पांढरी आणि मऊ राहते. आजूबाजूचे उंचवटे मात्र कोरडे पडून सोनेरी होतात, तेल त्यांना जवळजवळ तळून काढतं. एकाच घासात मऊ, कुरकुरीत आणि खारट अशा तिन्ही गोष्टी येतात त्या यामुळे. तुमच्या पद्धतीत हे पाणी पिठाच्या पोटात होतं, त्यामुळे पोट गिच्च झालं आणि वरचा भाग कोरडा पडला.

आता प्रमाण देते. ओटीजीबरोबर येणारा ट्रे साधारण 25 बाय 30 सेंटीमीटरचा असतो, त्याला हे बेतशीर होतं: मैदा 300 ग्रॅम, पाणी 200 ग्रॅम, मीठ 6 ग्रॅम, ऑलिव्ह तेल 18 ग्रॅम, मध किंवा साखर 3 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 1 ग्रॅम (सपाट पाव चमच्याहून किंचित जास्त). सालामोयासाठी पाणी 50 ग्रॅम, तेल 25 ग्रॅम, मीठ 3 ग्रॅम. पिठातलं आणि वरचं पाणी मिळून 250 ग्रॅम होतं, म्हणजे 300 ग्रॅम मैद्याला 83 टक्के. तुमच्या व्हिडिओतल्या आकड्याच्या अगदी जवळ! फक्त त्याची जागा बदलली.

ट्रे वेगळ्या मापाचा असेल तर त्याची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि आलेल्या आकड्याला 0.7 ने गुणा. तेवढे ग्रॅम भिजवलेलं पीठ त्या ट्रेला लागतं. 25 गुणिले 30 म्हणजे 750, त्याचे 525 ग्रॅम. वरचं प्रमाण जवळपास तेवढंच भरतं. या हिशेबाकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, आणि मग लहान ट्रेत जास्त पीठ कोंबलं की वर खळगे पाडलेला जाड पाव होतो, मोठ्या ट्रेत कमी पडलं की खाकरा. घरगुती फोकाच्चा फसण्याचं हे कारण मला यीस्टच्या चुकांपेक्षाही जास्त वेळा दिसतं.

पाणी, मध, यीस्ट आणि मैदा एकत्र करून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळा आणि 20 मिनिटं झाकून ठेवा. मग मीठ घालून मळायला घ्या, आणि गोळा जरा एकजीव झाला की तेल थोडं थोडं करून मुरवा. तेल सुरुवातीलाच घातलं तर ते पिठाच्या कणांना वेढून बसतं आणि ताण यायला उशीर लागतो. तेल घातल्यावर गोळा एकदम फाटल्यासारखा, बुळबुळीत होतो. घाबरून वरून मैदा भुरभुरू नका. दोन-तीन मिनिटांत तो तेल पिऊन पुन्हा सांधतो. एकूण आठ-दहा मिनिटं मळणं पुरतं. तयार गोळा हाताला पुरणपोळीच्या तिंबलेल्या कणकेसारखा लागला पाहिजे: सैल, तुकतुकीत, ओढला की तुटण्याआधी बराच लांबणारा.

उन्हाळ्यात आणि मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत पाणी फ्रिजमधलंच घ्या. मळून झाल्यावर पिठाचं तापमान 25-26 अंशांच्या आसपास असावं. 32 अंशांच्या स्वयंपाकघरात कोमट पाणी वापरलं तर पीठ भराभर फुगतं, चव मात्र येत नाही, आणि आंबूस, दारूसारखा वास मारायला लागतो. इटालियन पाककृतीत ‘कोमट पाणी’ लिहिलेलं असतं ते तिथल्या थंडीतल्या स्वयंपाकघरासाठी.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणं गरजेचं आहे का? नाही. यीस्ट 3 ग्रॅम घेऊन दुपारी भिजवलं तर रात्रीच्या जेवणाला चांगला फोकाच्चा होतो. तरीही मी फ्रिजच सुचवेन. थंडीत यीस्ट मंदावतं, पिठातली विकरं मात्र काम करत राहतात. स्टार्चमधून साखर सुटते, पीठ जास्त लवचीक होतं, चवीला खोली येते आणि भाजताना रंगही छान चढतो. आपल्या मैद्याला रंग चढायला तसाही वेळ लागतो, त्यामुळे आपल्याला या साखरेचा फायदा जरा जास्तच. मळल्यावर तासभर बाहेर ठेवून जरासं फुगलं की तेल लावलेल्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात 16 ते 24 तास ठेवा. गार होता होता पहिले दोन-तीन तास ते फुगतच राहतं, तेव्हा डबा दुप्पट मोठा घ्या.

पुढचा भाग सावकाश करायचा आहे. ट्रेत दोन चमचे तेल सगळीकडे पसरवा. पीठ डब्यातून उलटं करून अलगद ट्रेत सोडा, कोपऱ्यांपर्यंत ओढायचा प्रयत्न करू नका. वर तेलाचा हात फिरवा, झाका, पाऊण तास राहू द्या. मग हाताची बोटं पिठाखाली सरकवून आतून बाहेर ताणा. कोपऱ्यांपर्यंत गेलं नाही, मागे येतंय, तर ताणणं थांबवा आणि आणखी 20-30 मिनिटं द्या. विश्रांतीनं जे होतं ते जोरानं होत नाही. जोर केला की पीठ मधे पातळ आणि कडेला जाड होतं, आणि पुढे भाजताना मधला भाग करपतो.

ट्रेभर नीट पसरलं की खळगे पाडायचे. नखांची टोकं उभी खुपसायची नाहीत. बोटांची पेरं तिरकी धरून, तेल लावलेल्या हातांनी तळाचा ट्रे जाणवेपर्यंत दाबा, पण पीठ फाटू देऊ नका. ओळीनं, जवळजवळ, अख्ख्या ट्रेभर. याच वेळी सालामोया ओता. बाटलीत घालून जोरात हलवलंत की तेल-पाणी थोडा वेळ एकत्र राहतं, तेवढ्यात ओतून टाका आणि तळहातानं पसरवा. पृष्ठभागावर अक्षरशः तळी साचलेली दिसतील. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण इथे बिचकतो आणि अर्धं पाणी उरवतो. सगळं ओता. आता तसंच उघडं 45 मिनिटं ते एक तास फुगू द्या, फार उकाडा असेल तर अर्धा-पाऊण तास.

तुमचे खळगे का गेले ते यावरून लक्षात येईल. बहुतेक पाककृतींत खळगे भाजायच्या आधी मिनिटभर पाडतात. जेनोव्हात ते शेवटच्या फुगण्याआधी पाडतात आणि खाऱ्या पाण्याच्या वजनानं ते टिकून राहतात. पाडल्या पाडल्या खळगे भरून येत असतील तर पीठ अजून ताठ आहे, त्याला विश्रांती हवी. आणि बोट लावताच आजूबाजूचा भाग फुसकन बसत असेल तर ते जास्त आंबलं आहे. अशा वेळी ताबडतोब भाजा, निदान खाण्याजोगा पाव हाती लागेल.

भाजण्याकडे येते. ओटीजी 230 अंशांवर, दोन्ही कांड्या चालू, कमीत कमी 20 मिनिटं तापवा. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे तो पुरता तापला असं नसतं, भिंती तापायला वेळ लागतो. ट्रे सगळ्यात खालच्या खणात. आणि पांढऱ्या तळाचं औषध: ओटीजीत सरकवण्याआधी ट्रे गॅसच्या मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं फिरवत फिरवत धरा. कडेनं तेल बारीक चुरचुरायला लागलं की लगेच आत. चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रे उष्णता परतवतो, म्हणून तळाला रंग येत नाही. काळा लोखंडी ट्रे मिळाला तर गॅसची गरज बहुधा लागणार नाही. (काचेचा किंवा नॉनस्टिक ट्रे मात्र गॅसवर ठेवू नका.) 18 ते 24 मिनिटं लागतात. वरचा रंग बघून बाहेर काढू नका. उलथन्यानं कोपरा उचलून तळ बघा: सोनेरी तपकिरी, बारीक फोडांचा, दाबल्यावर टणक. तो तसा नसेल तर वरून फॉइल झाकून आणखी चार मिनिटं द्या.

बाहेर काढल्या काढल्या जाळीवर उतरवा. ट्रेतच राहिला तर वाफ खाली अडकते आणि मेहनतीनं कुरकुरीत केलेला तळ ओला होतो. गरम असतानाच ब्रशनं थोडं तेल लावा.

आता तेल. दुकानात ऑलिव्ह तेलाच्या नावाखाली पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं) आणि ‘एक्स्ट्रा लाइट’ही असतं. ती शुद्धीकरण केलेली तेलं, त्यांना ऑलिव्हची चव जवळपास नसते. फोकाच्चात तेल हा मसाला आहे, त्यामुळे सालामोयात आणि शेवटी वरून लावायला एक्स्ट्रा व्हर्जिनच घ्या. लिगुरियाचं तेल ताज्जास्का जातीच्या बारीक ऑलिव्हचं, सौम्य आणि किंचित गोडसर असतं. घसा खवखवणारं तिखट तेल या पावावर शिरजोर होतं, म्हणून सौम्य निवडा. खर्च वाचवायचा असेल तर ट्रेच्या तळाला अर्धं सूर्यफूल तेल मिसळलं तरी चालतं. घाण्याचं शेंगदाणा तेल मात्र नको, त्याचा वास सगळ्यावर मात करतो.

गव्हाचं पीठ एक चतुर्थांशपर्यंत चालेल, म्हणजे 300 पैकी 75 ग्रॅम, आणि त्यासाठी पाणी 10-15 ग्रॅम वाढवा. चक्कीच्या दळणात स्टार्चचे कण जास्त फुटतात, ते पाणी खूप पितात. शिवाय कोंड्यामुळे ताण तुटतो. सगळंच गव्हाचं पीठ घालून जो होईल तो पौष्टिक पाव असेल, पण त्याच्याकडून या जाळीची अपेक्षा धरू नका.

वर काय घालावं हे तुम्ही विचारलं नाहीत, ते मला आवडलं. जेनोव्हाचा साधा फोकाच्चा काहीही न घालता असतो. दुसरा प्रकार कांद्याचा. आपला लाल कांदा उग्र आणि पाणीदार, तेव्हा अगदी पातळ उभा चिरून, मीठ लावून 20 मिनिटांनी पिळून, तेल चोळून मग पसरा, आणि सालामोयातलं मीठ अर्धं करा. रोझमेरी तेलात बुडवूनच घाला, नाहीतर जळून कडू लागते. टोमॅटो हवेच असतील तर दक्षिण इटलीतल्या बारी शहराचा फोकाच्चा करा. तो वेगळाच पदार्थ: डुरम गव्हाचा बारीक रवा आणि मैदा, त्यात उकडलेला बटाटा कुस्करलेला, वर हातानं चुरडलेले छोटे टोमॅटो, ऑलिव्ह आणि ओरेगानो, गोल ट्रेत भरपूर तेलात. आपल्याकडचा बन्सी रवा डुरम गव्हाचाच असतो. मिक्सरमधून बारीक करून, पाण्यात तासभर भिजवून तो यात सुंदर लागतो. आणि जेनोव्हाजवळच्या रेक्को गावचा चीज भरलेला फोकाच्चा म्हणून जो नावाजला जातो, त्यात यीस्टच नसतं. दोन कागदासारख्या पातळ पाऱ्यांमध्ये मऊ ताजं चीज असतं. त्याला 2015 साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे त्या नावाची पाककृती यीस्ट घालायला सांगत असेल तर ती रेक्कोची नाही.

दुसऱ्या दिवशीचा वातडपणा. तेलामुळे हा पाव तसा सावकाश शिळा होतो, पण फ्रिजमध्ये ठेवलात की झपाट्यानं, कारण स्टार्च घट्ट होण्याची क्रिया फ्रिजच्या तापमानालाच सगळ्यात वेगानं चालते. त्याच दिवशी खायचा नसेल तर गार झाल्यावर तुकडे करून फ्रीझरमध्ये टाका. खायच्या वेळी पाण्याचा हलका शिपका मारून 200 अंशांवर पाच-सहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये तो दोन मिनिटं मऊ लागतो आणि मग चामडं होतो.

पंधरा माणसांना सूप-सॅलडबरोबर दोन ट्रे पुरतील. ट्रेही दोन लागतील, दोन्ही एकाच मापाचे. शनिवारी रात्री नऊला दुप्पट पीठ मळा, साडेदहाला दोन समान भाग करून दोन वेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा. नंतर एका मोठ्या गोळ्याचे दोन करायला गेलात तर जमलेला वायू निघून जातो. जेवण साडेसातला धरून पहिला डबा रविवारी चारला बाहेर काढा. पावणेपाचला ताणा, सव्वापाचला खळगे आणि सालामोया, सहाला ओटीजी लावा, सव्वासहा-साडेसहाच्या बेतानं ट्रे आत. दुसरा डबा पाऊण तास मागे ठेवा, म्हणजे पावणेपाचला बाहेर काढा आणि प्रत्येक पायरी तेवढ्याच अंतरानं करा. तो सव्वासातच्या आसपास आत जाईल आणि लोक टेबलाशी येईपर्यंत गरम गरम हातात पडेल. पहिला आधीच जाळीवर गार झालेला असेल, तोच आधी कापा. अजिबात गार न झालेला फोकाच्चा सुरीखाली चेपतो, निदान दहा मिनिटं तरी द्याच. दोन्हींचा सालामोया एकाच बाटलीत करून ठेवू नका. तेल वर तरंगतं, खारं पाणी तळाशी राहतं आणि दुसरा ट्रे खारट होतो. प्रत्येकाचा वेगळा मोजा आणि ओतायच्या क्षणीच हलवा.